पेपरात आणि दिवाळी अंकात प्रवासलेख छापून येईपर्यंत काय काय करावं लागलं

प्रवासवर्णन लिहून ते पेपरात नाहीतर दिवाळी अंकात छापून यावं असं वाटत असेल तर सुरुवात कुठून करायची, हे मी २०२३ च्या जूनमध्ये दिसेल त्याला विचारत होते आणि "लिहीत राहा, होईल" याच्यापलीकडे उत्तर मिळत नव्हतं. लिहीत राहायचं हे बरोबरच आहे, पण कोणाला पाठवायचं, किती शब्दांचं, फोटो कसे द्यायचे, उत्तर आलं नाही तर परत विचारायचं का, पैसे मिळतात का आणि मिळाले तर कधी, हे कोणी सांगतच नाही. आता दोन लेख छापून झालेत, मानधनही जमा झालंय, तर हे सगळं विसरायच्या आत जसं घडलं तसं क्रमाने लिहून ठेवतेय, नव्याने सुरू करणाऱ्या कोणाची तरी घालमेल कमी होईल.

मी मिरजेत राहते, सांगलीत एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. पत्रकारितेचं शिक्षण नाही, पुण्या-मुंबईच्या कुठल्याच ऑफिसात ओळख नाही. हे सांगायचं कारण म्हणजे ओळखीशिवाय काही होत नाही असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं आणि माझा अनुभव तसा नाही.

जूनमध्ये आधी एक ऑनलाइन कोर्स बघितला होता, फी बारा हजार. धड्यांची यादी वाचली तर सगळं इंग्रजी मासिकांना मेल कसा करायचा यावर, मराठी पुरवण्या-दिवाळी अंक यांचा उल्लेखसुद्धा नाही. तो नाद सोडला आणि आमच्याच लायब्ररीतून मोठ्या दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांचे मागच्या वर्षभराचे गठ्ठे काढून जेवणाच्या सुट्टीत वाचायला बसले. एक वही केली. कुठल्या महिन्यात कुठल्या जागेवर लेख आला, साधारण किती शब्दांचा, लिहिणारा नेहमीचा की नवीन, फोटो कोणाचे, सुरुवात कशी, एवढंच लिहायचं. ही वही म्हणजे माझा कोर्स झाला आणि तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, गावातल्या कुठल्याही नगर वाचनालयात जुने अंक असतात, ग्रंथपालांना विचारलं की काढून देतात.

वहीत काय दिसलं तर पावसावरचे लेख जुलैत नाही, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच येऊन जातात. किल्ले दिवाळीनंतर, कोकण एप्रिलमध्ये. म्हणजे हे लेख संपादकाच्या हातात त्याआधी महिना-दीड महिना पडलेले असणार, आणि आपण काय करतो, तर पावसात फिरून येतो, मग लिहितो आणि ऑगस्टमध्ये पाठवतो. दुसरं म्हणजे लांबी, सातशे ते नऊशे शब्द, क्वचितच जास्त. तिसरं मला फार महत्त्वाचं वाटलं, "पहाटे साडेपाचला गाडी निघाली" अशी सुरुवात आणि "जड अंतःकरणाने परतलो" असा शेवट असलेला एकही लेख त्या वर्षभरात छापलेला नव्हता, आणि मी तोपर्यंत जे काही डायरीत लिहिलं होतं ते सगळं तसंच होतं, कारण आपण शाळेत सहलीवरचा निबंध लिहायला तसाच शिकतो.

पत्ते कुठून मिळाले? पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता असतो, ते छापणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. पुरवणीचा मेल आयडी बऱ्याचदा त्याच पुरवणीत कुठेतरी कोपऱ्यात असतो. दिवाळी अंकात पहिल्या दोन-तीन पानांवर सगळी नावं आणि संपर्क असतो. वाचनालयात बसून मोबाईलवर फोटो काढून घेतले.

जुलैत हंपीवर लिहिलं. मिरजेहून रेल्वेने होस्पेट गाठता येतं, आम्ही आदल्या हिवाळ्यात जाऊन आलो होतो, फोटो चांगले होते. पाठवायच्या आधी एक गोष्ट तपासली, फाईल युनिकोडमध्ये आहे ना. आमच्या इथे अजून कितीतरी जण श्री-लिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतात, त्या फाईली दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. मोबाईलवर गुगलच्या कीबोर्डने टाईप केलेलं आपोआप युनिकोडच असतं त्यामुळे काळजी नाही. लेख मेलमध्येच चिकटवला आणि सोबत वर्डची फाईलपण जोडली, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेल गेला.

मग काहीच नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मेल उघडायचा आणि बंद करायचा. हा काळ फार वाईट जातो हे मोकळेपणाने सांगते, कारण नकार आला तर निदान कळतं तरी, इथे आपलं वाचलं की नाही हेसुद्धा कळत नाही. महिन्याभराने दोन ओळींचा आठवणीचा मेल केला, "अमुक तारखेला लेख पाठवला होता, आपल्याला उपयोगी नसेल तर दुसरीकडे पाठवेन, कृपया कळवावे." हे वाक्य मला एका जुन्या कथालेखक बाईंनी सांगितलं होतं आणि ते खरंच उपयोगी आहे, कारण त्यात तक्रार नाही आणि समोरच्याला उत्तर द्यायला कारण मिळतं. सप्टेंबरच्या शेवटी उत्तर आलं. मला ते जवळजवळ पाठ आहे.

"हंपीवर आमच्याकडे दर महिन्याला लेख येतात. तुम्ही मिरजेत राहता असं मेलमध्ये दिसतं. सतारमेकर गल्लीवर लिहाल का? घाई नाही. एकदा जाऊन लिहू नका, परत परत जा."

नकारच होता तो, पण मी दिवसभर आनंदात होते. आणि त्यातलं शेवटचं वाक्य पुढे माझ्या सगळ्या लिखाणाचा पाया झालं, ते कसं ते सांगते.

सतारमेकर गल्ली म्हणजे सतार-तानपुरे घडवणाऱ्या कारागिरांची गल्ली, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. लहानपणापासून तिथून येते-जाते. ऑक्टोबरमध्ये वही घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा एका दुकानातल्या चाचांनी मला जे सांगितलं ते सगळं चांगलं होतं पण ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात तेच होतं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाचे कारागीर, घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी-हत्यारं घडवणारं आणि धार लावणारं, ते काम कमी झालं तसं पटवर्धनांच्या मिरज संस्थानात वाद्यांकडे वळले आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. भोपळे पंढरपूर-बेगमपूरच्या बाजूने भीमाकाठून येतात. लाकूड तुणीचं. मी सगळं लिहून घेतलं, घरी आले, आठशे शब्द झाले, वाचून बघितलं तर ते नेटवर आधीच असलेल्या माहितीसारखं होतं. चाचांचं त्यात काही चुकलं नव्हतं, पाहुण्याला जे सांगायचं तेच त्यांनी सांगितलं होतं.

म्हणून परत गेले. या वेळी आधीच सांगितलं, "चाचा, आज मी काही विचारणार नाही, नुसती बसते, तुमचं काम चालू द्या." ते हसले आणि म्हणाले, "बसा बेटा, पण कंटाळाल." तानपुऱ्याची जवारी काढायचं, म्हणजे तारेचा आवाज मोकळा आणि गुंजता करायचं, काम चाललेलं होतं. घोडीचा वरचा भाग कानशीने अगदी हलकं घासायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायची, तार उतरवायची, परत घासायचा. तारेखाली सुताचा दोरा सरकवून परत ऐकायचं. दुपारभर हेच. मध्ये शाळेतून त्यांचा नातू आला, दप्तर टाकलं, तार वाजली तशी न बघताच म्हणाला, "अजून बंद आहे." चाचांनी मान हलवली आणि परत कानस उचलली. मला माझा लेख तिथे मिळाला. पहिल्या भेटीत आपण परके असतो म्हणून आपल्याला तयार माहिती मिळते, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत लोक आपल्याला विसरून आपलं काम करायला लागतात आणि लिहिण्यासारखं जे असतं ते तेव्हा दिसतं. हे मला नुसतं कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, त्या दुपारी बसले म्हणून पटलं.

त्याच महिन्यात मीरासाहेबांच्या दर्ग्यात पण जाऊन आले, तिथे चिंचेच्या झाडाखाली किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा होते हे इथल्या सगळ्यांना माहीतच आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले तेसुद्धा प्रवासात, मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या स्टेशनवर, आणि दफन मिरजेत. हे मी लेखात एकाच वाक्यात घेतलं, पण ते वाक्य कुठे बसवायचं याच्यावर दोन संध्याकाळी गेल्या. दर्ग्याच्या आत फोटो काढायच्या आधी तिथल्या लोकांना विचारा, देवळात विचारतो तसंच. आणि माणसांचे फोटो छापायचे असतील तर त्यांना नीट सांगून परवानगी घ्या, "पेपरात येईल, चालेल का" असं स्पष्ट. मी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून त्यांचा "हो" लेखी घेतला, पुढे संपादकांनी खरंच विचारलं तेव्हा तो कामाला आला.

तपासायला सगळ्यात जास्त वेळ गेला. "दीडशे-पावणेदोनशे वर्षांची परंपरा" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण कुठल्या सालापासून हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, बघितलं, दोन-तीन घराण्यांतल्या वडीलधाऱ्यांना विचारलं आणि शेवटी सालाचा आग्रह सोडून "एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर" एवढंच लिहिलं. महाराष्ट्राची जिल्हा गॅझेटियर नेटवर मोफत वाचायला मिळतात, जुनी बॉम्बे प्रेसिडेन्सीची सुद्धा. प्रवासलेख लिहिणाऱ्याने आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर एकदा तरी चाळावंच.

डिसेंबरात लिहिलं, जानेवारी २०२४ मध्ये पाठवलं. या वेळी आधी छोटा प्रस्ताव मेलमध्ये लिहिला, विषय कोणता, त्यात नवीन काय, किती शब्द, फोटो कोणाचे, मी कोण, बस्स, आणि मेलच्या विषयाच्या ओळीत "लेख प्रस्ताव" आणि पुढे चार शब्दांत विषय. चार दिवसांत उत्तर आलं, "लेख पाठवा, ठेवून घेतो, निमित्त बघून लावू." फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले की बारीक होतात आणि छापायला चालत नाहीत, त्यामुळे मूळ फाईली ड्राइव्हवर टाकून लिंक दिली, प्रत्येक फोटोला ओळ लिहिली, कोण, कुठे, काय करतायत.

"निमित्त बघून" म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला.

दरम्यान मी रिकामी बसले नाही ते बरं झालं. फेब्रुवारीत मावसबहिणीला घेऊन रत्नागिरीकडची कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, बघायला गेले. सांगलीहून कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट असा एसटीचा रस्ता, सहाएक तास. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे, प्रवासलेखन करणाऱ्या माझ्यासारखीच्या खर्चात त्याने खरोखर फरक पडतो. रत्नागिरीत लॉजला रात्रीचे नऊशे, दुसऱ्या दिवशी ओळखीतून रिक्षा ठरवली, पावस-पूर्णगड करत कशेळी आणि पुढे देवीहसोळ, दिवसाचे बावीसशे. दोघींचं येणं-जाणं, जेवण-खाण धरून साडेपाच हजारांच्या आसपास गेले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे मानधनाचा आकडा येतोय.

कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. जांभ्यावर ऊन असं काही तापलेलं की चपलेतून चटका बसत होता. तिथला कोरलेला हत्ती प्रचंड आहे, सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर उंच, आणि त्याच्या अंगात मासे, प्राणी असं बरंच काही कोरलेलं. पण डोक्यावरच्या उन्हात रेषा सपाट होतात, दिसतच नाहीत. गावातल्या एका काकांनी आपणहून सांगितलं, "सकाळी या, नाहीतर सूर्य कलल्यावर. तेव्हा हत्ती उठून उभा राहतो." परत यायचंच होतं, आता कारणही मिळालं.

एप्रिलमध्ये एका दुपारी लायब्ररीत असताना अनोळखी नंबरवरून फोन. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळाल्याची बातमी आली होती आणि संपादक म्हणाले, "ताई, या रविवारी लावतोय. मानांकनावर दीडशे शब्द वाढवा, आज रात्री आठपर्यंत." मी साडेपाचला सुटले, थेट गल्लीत गेले. चाचा मिठाई वाटत होते. त्यांना विचारलं याने तुम्हाला काय मिळेल, ते म्हणाले, "नाव मिळालं, आता नावाला गिऱ्हाईक मिळू दे." हे वाक्य जसंच्या तसं टाकलं, साडेसातला मेल केला. मग कळलं निमित्त म्हणजे काय. लेख तयार करून ठेवायचा, आणि त्या जागेशी जोडलेलं काय काय येणार आहे, उत्सव, मानांकन, शताब्दी, याच्यावर लक्ष ठेवायचं. घटना घडल्यावर लिहायला बसणाऱ्याला एका दुपारी हे जमत नाही, तीन महिने आधी जाऊन आलेल्याला जमतं.

रविवारी छापून आला. नाव बारीक अक्षरात, आडनावात एक अक्षर वेगळं, आणि शेवटचा परिच्छेद जागेसाठी कापलेला. तरीसुद्धा आईने तो अंक देवघरात ठेवला. मी तीन अंक घेऊन गल्लीत गेले आणि ज्यांच्याकडे बसले होते त्या प्रत्येकाला एक दिला. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्या हातात छापलेलं नेऊन द्यायचं, हे मी आता कायम करणार आहे, कारण कितीजण येतात, फोटो काढतात आणि पुढे त्याचं काय झालं ते कोणीच सांगायला येत नाही असं तिथे दोघा-तिघांनी बोलून दाखवलं.

या लेखाच्या जोरावर मे महिन्यात एका दिवाळी अंकाला कातळशिल्पांचा प्रस्ताव पाठवला. दिवाळी अंकांचं वेळापत्रक फार लवकर सुरू होतं, १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा काय पद्धत होती माहीत नाही पण आता मे-जूनमध्ये विषय ठरतात आणि जुलैअखेर लेख मागतात. गणपतीत पाठवलेलं बहुतेक वाया जातं. मला होकार मिळाला, अडीच हजार शब्द, मुदत ३१ जुलै.

लगेच जायचं होतं पण ७ मे ला आमच्याकडे आणि रत्नागिरीत दोन्हीकडे लोकसभेचं मतदान, एसट्या निवडणुकीच्या कामाला लागलेल्या, त्यामुळे मतदान होऊन गेल्यावर पुढच्या शनिवारी निघाले. जूननंतर सड्यावर गवत आणि पाणी, मग ही चित्रं नीट दिसत नाहीत, म्हणजे पावसाच्या आत जाणं भागच होतं. या वेळी कशेळीजवळच एका घरात राहिले, वहिनींनी राहणं-जेवण मिळून आठशे घेतले, आणि सकाळी सहाला सड्यावर. खरंच हत्ती उठून उभा राहिला होता. ऊन तिरकं पडलं की कोरलेल्या प्रत्येक रेषेच्या एका कडेला सावली येते आणि फेब्रुवारीत जिथे मला नुसता काळा दगड दिसला होता तिथे सोंड, पाय, पोटातले प्राणी सगळं स्पष्ट. मी फोटो काढायचे सोडून आधी नुसती फिरले. मग कनकादित्याच्या देवळात जाऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी राजापुरावरून देवाचे गोठणे. तिथल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच दिशा दाखवते, मी साधं शाळेतलं होकायंत्र दप्तरात टाकून नेलं होतं आणि स्वतः करून बघितलं, मोबाईलचं नाही, खरं सुईचं न्या.

दिवाळी अंकाच्या संपादक बाई तपासायला फार काटेकोर होत्या आणि त्यांच्याकडून मी खूप शिकले. मी लिहिलं होतं "युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली". त्यांनी फोन केला, "नक्की यादीतली की संभाव्य यादीतली?" बघितलं तर २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं, संभाव्य यादीत गेलीत, अंतिम यादीत नाही. दुसरं म्हणजे वय. कोणी दहा हजार वर्षं लिहितं, कोणी वीस, आणि खरं तर कातळावरच्या रेषेचं नेमकं वय ठरवणं अवघड आहे, म्हणून "अभ्यासकांच्या मते मध्याश्मयुगापासून पुढच्या काळातली" असं लिहिलं. आणि शोधाचं श्रेय. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून ही शिल्पं नोंदवली, त्यांची नावं लेखात पहिल्या पानावरच यायला हवीत असं बाईंनी सांगितलं आणि मला ते मनापासून पटलं. आपण एक दिवस बघून येतो, ज्यांनी उन्हातान्हात ते शोधलं त्यांचं नाव न घेता "अज्ञात कोकण" वगैरे लिहिणं बरोबर नाही.

आता कागदपत्रं आणि पैसे, कारण हे कोणी लिहीत नाही.

पेपरच्या लेखाचं मानधन आठशे रुपये, एप्रिलमध्ये छापलेल्या लेखाचं ऑगस्टमध्ये खात्यावर आलं. त्याआधी पॅन कार्डची प्रत, रद्द केलेला चेक, बँकेचा तपशील आणि सही केलेलं एक पान मेल करावं लागलं. चेकवर खातेदाराचं नाव छापलेलं असायला हवं, माझ्या चेकवर नव्हतं त्यामुळे पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत परत पाठवली, त्यात पंधरा दिवस गेले, तेव्हा आधीच तेच पाठवा. टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापायचा आयकर, कापला नाही, कारण तेव्हाच्या आयकर कायद्याच्या १९४जे कलमाखाली एका देणाऱ्याकडून वर्षाला ठराविक रकमेच्या वर गेलं तरच कापायचे, तेव्हा ती मर्यादा तीस हजार होती, एप्रिल २०२५ पासून पन्नास हजार झाली. पण कापला नाही म्हणजे दाखवायचं नाही असं नसतं, रिटर्न भरताना हे उत्पन्न टाकावंच लागतं. दिवाळी अंकाचं मानधन पंधराशे आणि अंकाच्या दोन प्रती, ते डिसेंबरात आलं. म्हणजे कातळशिल्पांच्या दोन्ही खेपांचा खर्चसुद्धा निघाला नाही. या वाटेने येणाऱ्याने हे हिशेबात धरूनच यावं, नोकरी सोडून तर अजिबात येऊ नये. मला तरीही ते दोन्ही प्रवास सार्थकी लागले असं वाटतं, कारण नुसती फिरायला गेले असते तर परत मे महिन्यात तिथे गेलेच नसते.

एका वेबसाईटने मध्ये विचारलं होतं, महिन्याला चार लेख द्या, पैसे नाहीत पण तुमचं नाव होईल. मी नम्रपणे नाही म्हटलं. एखाद्या छोट्या मासिकाला, पदरमोड करून अंक काढणाऱ्याला, मी फुकट देईन, पण जाहिरातींवर चालणाऱ्याला नाही.

आणि हक्क. दिवाळी अंकाकडून सहीसाठी जे पत्र आलं त्यात "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे" असं होतं. मी लायब्ररीत कॉपीराइट कायदा, १९५७ चा, काढून वाचला. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सही करूनच द्यावे लागतात, आणि पत्रात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. पण इथे तर "कायमस्वरूपी" स्पष्ट लिहिलेलं. मी बाईंना फोन केला, "पुढे कधी पुस्तक करायचं झालं तर मला हा लेख वापरता यायला हवा, प्रथम प्रकाशनाचा हक्क तुमचा, बाकी माझ्याकडे राहू द्या." मला वाटलं होतं राग येईल, लेखच परत करतील. त्या म्हणाल्या, "तसं लिहून पाठवा, बदलून देते." दोन ओळींचा बदल, दहा मिनिटांत झाला. विचारायला घाबरू नका. पेपरसाठी तर माझ्याकडून हक्कांचं काही लिहूनच घेतलेलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अंक आला. कशेळीच्या वहिनींना आणि त्या काकांना पोस्टाने प्रत पाठवली, रजिस्टर्ड नाही, साधं बुकपोस्ट, ते आठवड्यात पोचलं. काकांचा फोन आला, फोटोत हत्ती बरोबर आलाय म्हणाले, पण लेखात मी सड्याच्या ज्या वाटेचं वर्णन केलंय ती आता कुंपणामुळे बंद झालीय, नवीन वाट खालच्या आंब्याच्या बागेकडून आहे, पुढच्या वेळी लिहाल तर ते लिहा. मी वहीत नोंद करून ठेवलीय.

सध्या काय चाललंय तर सतारीचे भोपळे जिथे पिकतात त्या बेगमपूर भागातल्या एका शेतकऱ्याशी फोनवर ओळख झालीय, एकदा जाऊन आले, आता भोपळे वाळत घालतात तेव्हा परत बोलावलंय. आणि दुसरा विषय डोक्यात आहे तो पाण्याच्या रेल्वेचा, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून दहा वाघिणींची, म्हणजे टाकीच्या डब्यांची, पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन गेली होती, त्या लोहमार्गाने मिरज ते लातूर प्रवास करून वाटेतल्या स्टेशनांवरच्या लोकांना ते दिवस विचारायचे. प्रस्ताव पाठवून तीन आठवडे झालेत, उत्तर नाही. महिना झाला की आठवणीचा मेल करेन, वर लिहिलंय तेच वाक्य घालून. तुम्हाला वापरायचं असेल तर खुशाल वापरा.